म्हैसासुराची मजुरी

सरकारी पट्टा असलेल्या माणसाला पोटासाठी दुसरं काम शोधावं लागतं, हे आंबेपाड्यात कुणाला पटेना. रघू जव्हार दरबारच्या जंगलाचा शिपाई. छातीवर आडवा चामडी पट्टा, त्यावर पितळी बिल्ला, हातात काठी आणि महिन्याला सात रुपये. त्या सात रुपयांत त्याचं घर चालायचं. चालायचं म्हणजे रखडत का होईना, पुढे सरकायचं. मग विलायतेकडे गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली आणि काही केल्या मिटेना. मरत होते ते तिकडे, आणि मीठ महागलं ते जव्हारच्या बाजारात. घासलेट महागलं, तांदूळ महागला. कापड तर इतकं महागलं की रघूच्या बायकोनं, ठकीनं, दोन फाटकी लुगडी जोडून एक केलं आणि ते एकच ती वाळायच्या आत पुन्हा नेसू लागली. सात रुपये मात्र सातच राहिले. पगाराला लढाईची खबर कुणी दिलीच नव्हती.

दुसरे शिपाई काही पगारावर जगत नसत. कुणाची मोळी अडवली की कोंबडी, कुणाची कुऱ्हाड जप्त केली की दोन पायली नागली, असं त्यांचं सुखानं चाललं होतं. रघू त्यांच्यापेक्षा प्रामाणिक होता असं म्हणायला जीभ रेटत नाही. त्याच्या वाट्याला आलेला जंगलाचा तुकडाच असा, की तिथल्या झोपड्यांत मागून घ्यावी अशी कोंबडीच नव्हती. एकदा त्यानं एका म्हातारीची मोळी अडवली, तर तिनं त्याच्याकडेच चिमूटभर मीठ मागितलं, आणि या शहाण्यानं ते दिलं.

बरं, दुसरं काम उघड करावं तर तीही सोय नव्हती. दरबारच्या नोकरानं दुसऱ्या कुणाची चाकरी धरायची नाही, असा हुकूम अमलदारानं सगळ्या शिपायांना उन्हात ओळीनं उभं करून वाचून दाखवला होता. हा अमलदार देशावरून आलेला, पोट पुढे आणि छत्री मागे अशा थाटात चालणारा. स्वतः त्यानं लाकडाचा एक ठेका मेव्हण्याच्या नावावर घेतला होता, मोहाच्या दारूचं एक दुकान बायकोच्या आत्याच्या नावावर, आणि जव्हारात दोन घरं भाड्यानं दिली होती. त्याला बहुधा चाकरी म्हणत नसावेत. चाकरी म्हणजे ज्यात घाम येतो ती.

रघूला घाम यायला हरकत नव्हती. त्याला पावसाळ्याची धास्ती होती. ते चार महिने आंबेपाड्यात कुणाकडे उसनंही मिळत नाही, कारण सगळ्यांच्याच कणग्या एकाच वेळी तळ दाखवतात. मागल्या श्रावणात घरात दाणा नव्हता तेव्हा ठकीनं रानातले कडू कंद रात्रभर ओढ्यात भिजवून पोरींना घातले, आणि धाकट्या चैतीचं तोंड सुजून डोळे मिटले. ती वाचली. यंदाही वाचेल असं सांगायला कुणी देव खाली उतरला नव्हता. मणभर भात घरात पडला तर नागलीत, कंदात मिसळून श्रावण निघेल, असा ठकीचा हिशेब होता. तिचा हिशेब चुकत नसे. चुकण्याइतकं तिच्या हाती कधी काही आलंच नव्हतं.

अशात एके दिवशी येसू पाटलानं रघूला बोलावलं.

आंबेपाड्यात होळीनंतर बोहाडा होतो. तीन दिवस देवांची आणि राक्षसांची सोंगं मुखवटे घालून संबळाच्या तालावर नाचतात. एकेका सोंगाचा मान एकेका घराकडे, बापाकडून मुलाकडे आलेला. शेवटच्या दिवशी सकाळी, उन्हं वर आली की देवी आणि म्हैसासूर यांची लढाई होते. तिसऱ्या फेरीला देवी त्याला मारते, तो पडतो, आणि बोहाडा संपतो. तो पडला नाही तर बोहाडा संपत नाही, आणि बोहाडा संपल्याशिवाय कुणी पेरणीआधी शेत भाजायच्या राबाला काडी लावत नाही. म्हैसासुराचा मान पाटलाच्या घराकडे. देवीचा मान पांड्याच्या घराकडे. आणि पांड्याचं आणि पाटलाचं एका बांधावरून गेली सहा वर्षं वाकडं. गेल्या साली देवीनं म्हैसासुराला लाकडी तलवारीनं असं काही बडवलं की पाटील आठ दिवस पालथा झोपला होता.

"यंदा तू नाच," पाटील रघूला म्हणाला. "मान माझा, अंग तुझं. मुखवट्याआड कोन हाय ते कोनाला दिसतंय?"

"आन मला काय, पाटीलबाबा?"

"मणभर भात."

रघूनं लगेच मान डोलावली. दुसऱ्याच्या वाटचा मार खायचा आणि मरून पडायचं, एवढंच काम. पहिल्या नोकरीत तरी तो दुसरं काय करत होता? दोन दिवसांत ही बोली पाड्यातल्या पोराटोरांनाही ठाऊक झाली. ठाऊक नव्हती ती फक्त अमलदाराला, आणि नेमका तोच यंदा बोहाडा बघायला येणार होता. पाटलानं त्याला आमंत्रण देताना सांगितलं होतं की म्हैसासूर मी स्वतः नाचवतो, हुजूर, वाडवडिलांचा मान आहे. रघूनं आपल्यापरीनं तोड काढली. सगळा पाडा बोहाड्यात असताना चोर रानात शिरतील, म्हणून मी त्या सकाळी जंगल राखतो, असं त्यानं अमलदाराला सांगितलं. अमलदार म्हणाला, ठीक.

शेवटच्या सकाळी पाटलाच्या मागच्या खोलीत रघूच्या अंगाला काजळी फासली गेली, कमरेला घुंगरं बांधली गेली, हातात सोंगाची काठी दिली गेली. पाटील मुखवटा दोन्ही हातांत धरून उभा होता. शिंगांचा, लाल जिभेचा, चांगला जड मुखवटा. तो रघूच्या डोक्यावर ठेवता ठेवता पाटील सहज बोलावं तसं बोलला.

"भाताचं तेवढं जमायचं नाय. मोखाड्याकडचा व्यापारी दारात येऊन मागतोय. तुला नागली देईन. अर्धा मण. दिवाळी झाल्यावर."

"दिवाळीला काय करू? पावसाळा आदी येतो. बोली झाली व्हती, पाटीलबाबा."

"बोली झाली तवा भाव येवढा नव्हता. महागाई काय तुलाच हाय? मला नाय?"

आणि पाटलानं मुखवट्याचा दोर करकचून आवळला. एकदा मुखवटा चढला की सोंग बोलत नाही, हा नियम. सोंगाला हात लावून मुखवटा काढायचाही नाही, ते पडून आत येईपर्यंत. पाटलाला दोन्ही नियम पाठ होते, म्हणून तर त्यानं बोलायला तीच वेळ निवडली. मग तो कणगीआड घोंगडी टाकून निवांत आडवा झाला, कारण बाहेरच्या लेखी तो आता नाचत होता.

बाहेर चावडीतली एकुलती एक खुर्ची मांडवात आणून अमलदाराला दिली होती. संबळ वाजू लागला. हिरवं लुगडं नेसलेली, मिशा मुखवट्याखाली दडपलेली देवी तलवार फिरवत आली आणि लढाई सुरू झाली. पहिल्या फेरीला पांड्यानं आपला बांध आठवून पाठीवर दोन सणसणीत लगावल्या. दुसऱ्या फेरीला चार. मुखवट्याआड कोण आहे हे त्यालाही माहीत होतं, पण राग काढायला मुखवटा पाटलाचा होता तेवढं पुरे होतं. तिसरी फेरी आली. देवीनं तलवार उगारली, संबळवाल्यानं पडण्याचा ठेका धरला, बायकांनी ओवाळायला दिवे पेटवले.

म्हैसासूर पडला नाही.

पुन्हा ठेका धरला गेला. पुन्हा तलवार बसली. म्हैसासूर उभाच. चौथी फेरी झाली, पाचवी झाली. ऊन डोक्यावर येऊ लागलं, देवीच्या दंडाला बांधलेला एक जादा बेगडी हात गळून पडला, पिपाणीवाल्याचे गाल दुखायला लागले.

"पड की रं मेल्या," देवी मुखवट्याआडून दात खात म्हणाली. सोंगानं बोलायचं नसतं, पण पांड्याचा दम संपला होता.

रघू तिला वळसा घालून सरळ पाटलाच्या ओट्याकडे गेला. काठी दारावर तीनदा आपटली. मग आतल्या कणगीकडे बोट केलं आणि मुठीनं आपलं पोट बडवलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. ठकी बायकांत उभी होती. नवरा ठरल्यावेळी मरत का नाही, याचा तिला आधी बोधच होईना. बोट कणगीकडे गेलं तसं तिच्या ध्यानात आलं.

"निवद दिला का त्याला पाटलाच्या घरानं?" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "उपाशी राखीस कसा मरंल?"

भिका हा पाड्यातला सर्वांत म्हातारा, सोंगांच्या रीतीभाती सांगणारा. त्यानं खाकरून होकार भरला. "त्याच्या घरचा भात त्याच्यापुढं मांडा," तो म्हणाला. खरंतर अशी रीत कधीच नव्हती, पण पाटलानं बोली फिरवली असणार हे त्या म्हाताऱ्यानं ओळखलं असावं. अमलदाराला त्यातलं काही कळलं नाही. त्याच्या जेवणाची वेळ टळून चालली होती.

"काय हवं ते द्या रे त्या राक्षसाला," तो खुर्चीतून ओरडला, "आणि आटपा."

आता अमलदाराचाच हुकूम. पाटलाची बायको गौरा टोपली घेऊन आत गेली. कणगीआडून पाटलानं तिचं मनगट पकडलं आणि डोळे वटारले. पण ओरडणार कसा? तो तर बाहेर नाचत होता. गौरानं मनगट सोडवून घेतलं, अगदी शांतपणे, आणि टोपली भरली. नवऱ्याला गप्प बसवायची संधी तिला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळाली होती आणि ती तिनं काठोकाठ वापरली. ती टोपलीमागून टोपली आणून मांडवात ओतत राहिली, आणि दर टोपलीला म्हैसासूर काठीनं आणखी, आणखी असं खुणावत राहिला. मणभराची रास झाली तेव्हा त्यानं काठी खाली टेकली.

माणसं हसत होती, शिट्या घालत होती. पाटलाच्या कणगीतून भात बाहेर पडताना आंबेपाड्यानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. ठकी पाटी घेऊन पुढे धावली, तर भिकानं काठी आडवी घातली.

"सोंगापुढचं सोंग निजल्याबिगर हलवायचं नाय, बाय."

ठकी थांबली. तिनं मुखवट्याकडे बघून मान हलवली. नाही, पडू नकोस. आधी भात घरी जाऊ दे, असं ती नुसत्या डोळ्यांनी सांगत होती. रीत भिकानं सांगितली होती, पण उभ्या सोंगापुढे रीत वाकते हे आत्ताच सगळ्यांनी पाहिलं होतं. रघूनं आणखी घटकाभर तग धरला असता तर भात त्याच्या उंबऱ्याआड गेला असता आणि भिकानं त्यालाही काहीतरी जुनी रीत शोधून दिली असती.

पण रघूच्या कानांत लोकांची वाहवा गेली होती. वा रे म्हैसासुरा, वा रे गड्या. पट्टा मिळाल्याला अकरा वर्षं झाली होती, आणि अकरा वर्षांत त्याला कुणी वा म्हटलं नव्हतं. माणसाचं डोकं फिरायला एवढं पुरतं. त्यानं काठी भिरकावली, एक गिरकी घेतली, आणि सगळ्यांना दिसेल अशा जागी, हात पसरून, असा देखणा मेला की देवीसुद्धा दोन पावलं मागे सरली.

चौघांनी घोंगडीखाली झाकून त्याला आत नेलं. पाटील कणगीआडून उठला. त्यानं मुखवटा ओढून काढला, रघूची काजळी दोन बोटांनी आपल्या गालांना फासली, तांब्याभर पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलं आणि धापा टाकत बाहेर गेला. तिथवर त्याला आपण काय करणार हे ठाऊक नसावं. रास दिसली तसं ठाऊक झालं.

"पाटील, चिवट आहात," अमलदार म्हणाला. "आणि हा भात?"

"सोंगापुढचं पहिलं उचलायचा मान ज्याच्या घरचं सोंग त्याचा," पाटील भिकाकडे न बघता म्हणाला. "हा हुजुरांना नजराणा."

ही रीत मात्र खरी होती, आणि म्हणून भिका पायांकडे बघू लागला. भात मुखवट्यापुढे ओतवून घेताना रघूनं ती लक्षात घ्यायला हवी होती. पाड्यात जन्म गेलेल्या माणसाला ती न सांगता ठाऊक असते. ठकीचं तोंड उघडलं. भात कुणाचा ते तिनं सांगितलं असतं तर मुखवट्यात कोण होता तेही सांगावं लागलं असतं, आणि मग सात रुपयेही गेले असते. तिनं तोंड मिटलं. शंभर माणसांना खरं काय ते माहीत होतं, आणि शंभरांतली एक जीभ हलली नाही. मघाशी शिट्या घालणारी हीच माणसं.

तेवढ्यात रघू कुंपणामागून वळसा घालून, ओढ्यात तोंड खंगाळून, पट्टा चढवून धावत आला. कानामागे काजळी तशीच होती.

"कुठे होतास?"

"जंगल राखत होतो, साहेब."

"पाहा पाटील, याला म्हणतात नोकर. सगळा गाव तमाशात आणि हा रानात." अमलदार खरोखर खूश झाला होता. "चल, हा भात पोत्यात भर आणि उचल. घरी पोचवायचं आहे."

रघूनं राशीकडे पाहिलं, पाटलाकडे पाहिलं, ठकीकडे पाहायचं टाळलं.

"जी," तो म्हणाला.

जव्हार तिथून चार कोस, आणि अर्धी वाट चढाची. अमलदार तट्टावर, मागे डोक्यावर मणभर भात घेऊन रघू. पाठीवरचे वळ पट्ट्याखाली सोलवटून निघत होते. वाटेत अमलदाराला उपदेश सुचला. पोट रिकामं असलं की त्याला तो नेहमीच सुचत असे.

"त्या पाटलाकडून शिका काहीतरी. या वयात दोन घटका मार खात उभा राहिला. तुम्ही लोक सारखे महागाई, महागाई म्हणून रडता. अंग मोडून काम करायला नको तुम्हाला."

"जी," रघू म्हणाला.

मुखवटा होता तेव्हा बोलायला बंदी होती आणि रघूनं सगळ्या मांडवाला बोलायला लावलं होतं. आता तोंड मोकळं होतं, वाट निर्मनुष्य होती, आणि या गड्याकडे शब्द एकच.

अमलदाराच्या अंगणात पोतं उतरलं. अमलदारीणबाई बाहेर आल्या, मूठभर भात हातावर चोळून फुंकला आणि तोंड वाकडं केलं.

"हा लाल, जाडा. आमच्यात कोण खाणार? म्हशीला शिजवून घालायला होईल." मग त्यांना शिपायाची दया आली. त्यांनी पोत्यातलाच एक पसा भरून त्याच्यापुढे धरला. "घे हो. हमाली समज. इतक्या लांबून आणलंस."

रघूनं उपरणं पसरलं. मुजरा केला. पाटलाच्या दारात काठी आपटणारा तो हाच, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. मलाही सांगताना लाज वाटते. अंधार पडला तेव्हा तो घरी पोचला. ठकी चुलीपुढे बसली होती, पोरी दारात. उपरण्याची गाठ सोडून त्यानं पसाभर भात तिच्यापुढे ठेवला आणि हमाली म्हणून मिळाला असं सांगितलं.

ठकीनं तो सुपात घेतला, खडे पाहिले, उखळात टाकला. चार घाव घालून झाले. चैती उखळात डोकावून बघत होती.

"पुढल्या साली पाटील परत बोलवील," ठकी मुसळ न थांबवता म्हणाली. "जा. पण भात आपल्या उंबऱ्याच्या आत पडल्याबिगर मरू नको."

"जी," रघू म्हणाला.